प्रभावहिनीचं धुकं

गुडगावात फ्लॅट बघायला जाणारी माणसं विचारतात काय, तर पाणी किती वेळ येतं, जनरेटर आहे का, शाळेची बस फाटकापर्यंत येते का. माझी वहिनी सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरली, पर्स माझ्या हातात कोंबली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि पॅसेजमध्ये सरळ पालथी पडली.

बिल्डरचा टायवाला माणूस घाबरला. "मॅडम को चक्कर आ गया क्या?"

"नहीं जी," माझा दादा म्हणाला. "मॅडम पॅसेज देख रही हैं."

त्याआधी तीन सोसायट्यांमध्ये दादानं हे पाहिलं होतं, त्यामुळे तो निवांतपणे खिडक्यांच्या कड्या तपासत राहिला. वहिनीनं दोन्ही कोपरं फरशीला टेकली, डावा हात पुढे केला, उजवा हनुवटीपाशी घेतला, डावा डोळा मिटला आणि समोरच्या भिंतीकडे बघत अर्धा श्वास सोडून थांबली. मग पडल्या पडल्याच म्हणाली, "हाच घेऊ या. भिंत मोकळी आहे."

ही मोकळ्या भिंतीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात शिरल्यावर समोर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो असतात. नागपूर असो की दिल्ली, ती भिंत ठरलेली. आणि या नव्या फ्लॅटांमध्ये दारापासून शेवटपर्यंत एकच काय ती लांब सरळ रेषा मिळायची, तिच्या टोकाला नेमकी तीच भिंत. दादाची अट एकच होती, आणि वहिनीला ती शंभर टक्के मान्य होती: सरावाची, लाकडाची का असेना, रायफल त्या भिंतीकडे रोखायची नाही. म्हणून आम्हाला दोन भिंतींचं घर पाहिजे होतं. एक फोटोंना आणि दुसरी, पॅसेजच्या पार टोकाला, वहिनीच्या काळ्या ठिपक्याला. एवढ्यासाठी आम्ही सत्त्याण्णव सालचा अख्खा हिवाळा गुडगावच्या धुळीत फिरलो. जिथे फ्लॅट घेतला तिथे समोर मोहरीचं शेत होतं आणि शेतात बोर्ड होता: इथे लवकरच शॉपिंग मॉल. मॉल म्हणजे काय ते आमच्यातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं.

माझी वहिनी, प्रभा. माहेर भंडारा. शाळेत असताना एनसीसीत गेली आणि तिथे तिच्या हातात पहिल्यांदा पॉइंट टूटू रायफल आली. ही सगळ्यात लहान गोळीची रायफल. गोळी करंगळीच्या पेराएवढी, आवाज फटाक्यापेक्षा कमी, खांद्याला धक्का नावापुरता. भंडाऱ्याच्या त्या मैदानावर वहिनीचा नेम असा बसला की सतराव्या वर्षी तिची दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या कॅम्पसाठी निवड झाली. ट्रंक भरली, वडिलांनी नवे बूट आणले, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिला गोवर निघाला. दिल्ली राहिली ती राहिली. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, दादा दिल्लीत होता म्हणून ती दिल्लीत आली. "मला इथं रायफल घेऊन यायचं होतं," ती सांगते, "आले ती कुकर आणि दोन गाद्या घेऊन."

बरीच वर्षं ती गप्प होती. सरकारी ऑडिट ऑफिसातली नोकरी, सरकारी क्वार्टर, मुलीचा, मैत्रीचा जन्म, मग तिची शाळा. मग मैत्री सहावीत गेली त्या वर्षी ऑफिसच्या नोटीस बोर्डावर एका रायफल क्लबची सूचना लागली आणि वहिनी त्याच रविवारी तुघलकाबादच्या पडक्या किल्ल्यापलीकडच्या रेंजवर जाऊन हजर झाली. घरी सांगितलं ते परत आल्यावर. दादा म्हणाला, "अच्छा." माझ्या भावाचा हा सगळ्यात मोठा गुण आहे. तो अच्छा म्हणतो आणि गाडीत पेट्रोल भरून आणतो.

मी त्याची धाकटी बहीण. रामकृष्णपुरममधल्या शाळेत भूगोल शिकवते, मुनिरक्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, आणि लग्न न केल्यामुळे माझे रविवार मोकळे असतात. वहिनी मारुती घेऊन माझ्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायची आणि "नणंदबाई, चला," म्हणायची. माझं काम रेंजवर मागच्या बाकावर बसून वह्या तपासायचं आणि स्टँडवरच्या दुर्बिणीतून तिचं भोक कागदात कुठं पडलं ते बघायचं. पन्नास मीटरवरचं भोक उघड्या डोळ्यांना दिसत नाही. नणंदेला भावजयीच्या चुका मोठ्या करून दाखवणारं यंत्र मिळावं, याहून काय हवं?

क्लबचे कोच हरीश सर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गढवाली, आवाज कायम हळू. त्यांनी पहिल्याच दिवशी वहिनीला सांगितलं की घरी रोज सराव हवा. पण रायफल क्लबच्या कपाटात कुलपात असायची, आणि ती घरी आणता आली असती तरी रिकामाच चाप ओढून उपयोग नव्हता. टूटूच्या गोळीला मध्यभागी ठिणगी नसते, ती बुडाच्या कडेला असते. पिन त्या कडेवर आपटते. गोळी नसली की पिन थेट नळीच्या मागच्या तोंडावर आपटून ते बिघडवते. म्हणून फ्लॅट मिळाल्यावर कपाटं करायला जो सुतार आला, त्याच्याकडून वहिनीनं साग्रसंगीत लाकडी रायफल करून घेतली. वजन बरोबर यावं म्हणून दस्त्यात लोखंड भरलं. मागच्या बाजूला नळाचं वायसर ठोकलं, पुढच्या टोकाला पडद्याची बारीक कडी. वायसरच्या भोकातून कडीत बघायचं, कडीच्या मधोमध भिंतीवरचा काळा ठिपका बसवायचा आणि तसंच पडून राहायचं. ठिपका दादानं काढला, तोही त्याच्या कंपनीतून आणलेल्या मापाच्या पट्टीनं. तोवर तो सरकारी नोकरी सोडून मानेसरच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला लागला होता, आणि आमटीतलं मीठसुद्धा 'टॉलरन्समध्ये' आहे की नाही ते सांगायचा.

संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या घरी गेलं की पॅसेजमध्ये वहिनी पालथी पडलेली असायची आणि तिच्यावरून ओलांडून स्वयंपाकघरात जावं लागायचं. सोसायटीतल्या एका मिसेस चोप्रांनी एकदा हे दृश्य उघड्या दारातून पाहिलं आणि खाली जाऊन गार्डला सांगितलं की सी ब्लॉकमध्ये कुणीतरी बंदूक घेऊन लपलंय. गार्ड काठी घेऊन वर आला. वहिनीनं त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि पालथं पाडून श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. पुढे तो गार्ड तिला सॅल्यूट करायचा.

या सरावातून तिनं एक गोष्ट उचलली आणि ती आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसवली. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. रायफल ठिपक्यावरून सरकलेली दिसली तर हातानं ढकलून ठिपक्यावर आणायची नाही. हात थकतो, गोळी परत तिकडेच जाते. पोट आणि कंबर थोडी सरकवायची, म्हणजे रायफल आपोआप जागेवर येते. मैत्रीनं इंजिनियरिंग नको म्हणून रडारड केली तेव्हा दादा तिला समजावायला निघाला. वहिनी म्हणाली, "हातानं ढकलू नकोस. आपणच जरा सरकून बघू." मैत्री आता वनस्पतिशास्त्र शिकवते आणि खूश आहे. मिक्सर बिघडला तरी वहिनी हेच सांगायची, तिथे मात्र काही उपयोग झाला नाही.

आता मुद्द्याचं. दिल्लीच्या महिला संघात तीन जागा असतात. निवड चाचणी दर हिवाळ्यात. निवडलेल्यांना निळा टी-शर्ट मिळतो आणि छातीवर शिवायला कापडी बिल्ला, त्यावर लिहिलेलं असतं 'दिल्ली'. वहिनीला तो बिल्ला हवा होता. गोवरानं हुकलेली दिल्ली तिला छातीवर हवी होती, असं तिनं मला एकदा मारुतीत, आश्रमच्या सिग्नलला सांगितलं, आणि सिग्नल सुटल्यावर विषय बदलला. दोन वर्षं ती चौथी आली होती. दोन्ही वेळा घरी येऊन तिनं शांतपणे पोळ्या लाटल्या. दोन हजार सालच्या दिवाळीत मात्र म्हणाली, "यंदा शेवटचं. नाही झालं तर सुताराची रायफल माळ्यावर." दादा अच्छा म्हणाला नाही. तेव्हा मला कळलं की ती खरंच बोलतेय.

आणि नेमका त्याच वर्षी तिचा नेम बिघडला.

बिघडला म्हणजे एकदम नाही. दुर्बिणीतून मला दिसायचं, आधी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची, आता बशी लागेल अशी पसरायला लागली. वहिनीनं गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. आधी गोळ्यांची पेटी खराब ठरली. मग वारा. मग हाताचा पट्टा, मग कोटाचं बटण, मग संध्याकाळचा चहा बंद, मग शेजारच्यांचा कुकर. दादानं आपल्या कारखान्यातल्या सवयीनं विचारलं, "प्रॉब्लेम मशीनमध्ये आहे की ऑपरेटरमध्ये?" त्या रात्री त्याचं अंथरूण हॉलमध्ये होतं.

हरीश सर दर रविवारी एकच वाक्य बोलायचे. "मॅडम, टार्गेट को मत देखिए. फोरसाइट को देखिए."

फोरसाइट म्हणजे नळीच्या टोकावरची ती कडी. माणसाचा डोळा जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्वच्छ बघू शकत नाही, म्हणून निशाणेबाजानं कडी स्वच्छ बघायची आणि टार्गेट धुरकट राहू द्यायचं, असा नियम आहे. ऐकायला सोपं, करायला फार वाईट. जी गोष्ट हवी असते तिच्याकडेच डोळा धावतो. वहिनी चिडून म्हणायची, "सर, मैं वही देख रही हूँ!" आणि गाडीत मला म्हणायची, "फौजेतला माणूस आहे, एकच धून वाजवतो."

मला मात्र कारण दिसत होतं, आणि मैत्रीलाही. वहिनी पेपर हात ताणून वाचायला लागली होती. सुईत दोरा ओवायला मैत्रीला हाक मारायची. मसाल्याच्या पाकिटावरची तारीख बघताना पाकीट इतकं लांब नेलं की मैत्री म्हणाली, "आई, थांब, मी बाल्कनीचं दार उघडते." सरळ साधी चाळिशी लागली होती. जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणजे ती कडीही दिसेनाशी झाली होती, आणि लांबचं टार्गेट मात्र लख्ख. मग डोळा दुसरीकडे जाईलच कशाला?

मी एकदा म्हणून पाहिलं. "वहिनी, डोळे तपासून घे ना."

"माझे डोळे उत्तम आहेत. त्या होर्डिंगवरचा फोन नंबर वाचून दाखवू?" तिनं वाचून दाखवला. मग म्हणाली, "भंडाऱ्याला आमच्याबरोबर एक मुलगी होती. माझ्यापेक्षा चांगली मारायची. तिला चष्मा लागला तर एनसीसीच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, चष्मेवाली बाजूला हो. ती बाजूला झाली. परत कधी आलीच नाही."

त्या दिवसापासून मी डोळ्यांचा विषय काढला नाही.

डिसेंबरमध्ये एक दिवस शाळेतून येताना माझ्या जिन्याखालच्या चष्मेवाल्यानं मला थांबवलं. "मॅडमजी, आपकी भाभीजी का चश्मा तैयार है. कब से पड़ा है."

"मेरी भाभी का?"

"वही, सफेद मारुतीवाली. बोली थीं किसी को बताना नहीं. पर आप तो घर की हैं."

गुडगावात नको, ऑफिसजवळ नको, म्हणून बाईसाहेबांनी मुनिरक्याची गल्ली निवडली होती, आणि तीही माझ्याच जिन्याखालची. ऑडिटच्या नोकरीत अशांना बढती कशी देतात कोण जाणे. चष्मा मी पाहिला. चांगला बशीएवढ्या काचांचा, दुकानदारानं फॅशन म्हणून गळ्यात मारलेला. मी त्याला सांगितलं, माझ्याशी बोललात हे त्यांना कळू देऊ नका. पुढच्या रविवारी वहिनी "जरा कोथिंबीर घेते" म्हणून गाडीतून उतरली आणि कोथिंबिरीशिवाय परत आली. मी काही बोलले नाही. जन्मानं नणंद असून मी महिनाभर ते पोटात ठेवलं, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. पण चाचणी तोंडावर होती, आणि माझ्या एका टोमण्यानं ती बाजूला होऊन बसेल, परत येणारच नाही, ही मला खरी भीती होती.

त्या चष्म्यावर ती फक्त वाचायची, तेही आमच्याकडे पाठ फिरवून. दाराआड उभी राहून गॅसचं बिल वाचायची, पाऊल वाजलं की चष्मा पर्समध्ये.

चाचणीच्या दिवशी जानेवारीचं असं धुकं पडलं होतं की दादानं गाडी चालवताना डोकं खिडकीबाहेर काढलं होतं आणि एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्याच्या भरवशावर आम्ही तुघलकाबादला पोहोचलो. रेंजवर टार्गेटं तर सोडाच, कठडासुद्धा दिसत नव्हता. धुकं उठेपर्यंत चाचणी थांबवली. सगळे शेंगदाणे खात बसले. वहिनीच्या शेजारच्या लेनवर तनया होती, पुण्याची मुलगी, मुनिरक्यात खोली घेऊन विद्यापीठात शिकणारी. नेम चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. पहिल्या दोन जागा अनुभवी मुलींच्या ठरलेल्याच होत्या, असं सगळे धरून चालले होते. तिसरी हिला की वहिनीला, एवढाच काय तो प्रश्न. "काकू, तुम्हाला तीळगूळ," म्हणत तिनं वहिनीला लाडू दिला. प्रतिस्पर्धी असा असला की धड रागावताही येत नाही.

अकराच्या सुमाराला धुकं उठलं. लख्ख ऊन पडलं. वाऱ्याचे झेंडे खांबांना चिकटून लोंबत होते, पानही हलत नव्हतं. सगळे आपापल्या चटयांवर गेले. तेवढ्यात अधिकारी सही घ्यायला रजिस्टर घेऊन आला, अक्षर मुंगीएवढं. वहिनीनं आमच्याकडे पाठ केली, पर्समधून पटकन काहीतरी काढलं, सही केली. लगेच तयारीची घोषणा झाली. तिनं घाईघाईनं कानात बोळे घातले, टोपी खाली ओढली, आणि पालथी पडली.

मी दुर्बीण तिच्या टार्गेटवर लावायच्या आधी सहज तिच्याकडे फिरवली. टोपीखाली बशीएवढा चष्मा तसाच नाकावर होता.

मी उठले, तोंड उघडलं, आणि हरीश सरांनी माझं मनगट धरलं. "बोलिए मत. बाहर से बोला तो उनको बाहर कर देंगे."

"सर, चश्मा!"

"देख रहा हूँ." सरांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "आप टार्गेट देखिए."

पहिली सरावाची गोळी बरोबर मधोमध. दहा. दुसरी, दहाच्या भोकाला चिकटून. तिसरी मला दिसलीच नाही, मग कळलं की ती पहिल्याच भोकातून गेली होती. सरावाच्या गोळ्या संपून खऱ्या सुरू झाल्या. एरवी वहिनी दर गोळीमागे मान वर करून झेंड्याकडे बघते, पुन्हा मान ठेवते, पुन्हा उचलते, नुसता जीव खाते. आज मान हलत नव्हती. श्वास, थांबणं, चाप, आणि गोळी सुटल्यावरही तसंच पडून राहणं. मग पुढची. मागे दादा शेंगदाण्याची सालं मुठीत धरून उभा होता, त्यानं ती टाकायचंसुद्धा सोडून दिलं होतं. मी मनात एकच जप करत होते, हिला कळू नये, हिला कळू नये. नाकावर हात नेऊ नकोस गं बाई, नाक खाजलं तरी खाजवू नकोस.

मध्ये एक नऊ पडला, मग एक आठ. आठवर तिनं रायफल खाली घेतली, मान झटकली. मला वाटलं संपलं. तिनं डोळे मिटले, दोन श्वास घेतले, डोळे उघडले आणि कंबर जराशी डावीकडे सरकवली. हातानं ढकललं नाही. पुढची गोळी दहात गेली आणि मग शेवटपर्यंत तिनं काळजीचं कारणच दिलं नाही.

शेवटची गोळी मारून रायफल मोकळी करून ती उठली, कानातले बोळे काढले आणि भर दुपारच्या उन्हात, सगळे स्वेटर काढून बसले होते त्या रेंजकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "काय मेलं धुकं! पुन्हा आलं बघा. टार्गेट दिसेल तर शपथ. नुसती कडी दिसत होती, मग काय करणार, कडीकडेच बघत बसले!"

हरीश सर आभाळाकडे बघायला लागले. तनया आपली चटई गुंडाळत होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती वर बघून म्हणाली, "काकू, नवा चष्मा ना? छान दिसतो तुम्हाला."

वहिनीचा हात नाकाकडे गेला. तिथेच थांबला. मग तिनं चष्मा काढला, रेंजकडे पाहिलं, परत घातला, परत पाहिलं. धुकं येत होतं आणि जात होतं. ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून."

"आणि बोलली नाहीस? तू?"

यावर दादा हसायला लागला. माझा शांत भाऊ, मुठीतली सालं उडवत असा हसला की दोन लेन पलीकडची माणसं बघायला आली. मग मी, मग सर. शेवटी वहिनी चटईवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सर म्हणाले, "मॅडम, साल भर से बोल रहा था. इस उमर में सब शूटर फोरसाइट के नंबर का चश्मा बनवाते हैं. मैंने भी बनवाया था."

"तो सर, सीधे बोलना था ना, चश्मा लगाओ!"

"एक बार बोला था. आपने होर्डिंग का नंबर पढ़ के सुना दिया."

निकाल लागला तेव्हा वहिनी दुसरी होती. तिसरी तनया. ठरलेल्या दोघींपैकी एक ठरलेली राहिली नव्हती. तनयानं वहिनीला मिठी मारली आणि वहिनीनं तिला उरलेला तीळगूळ भरवला.

त्यानंतर आमच्या घरात चष्म्याला चष्मा म्हणत नाहीत. "मैत्री, माझं धुकं कुठं ठेवलंस गं?" अशी हाक स्वयंपाकघरातून येते. नंतर दादाला लागलं, मला लागलं. आता तिघांची तीन धुकी टीव्हीवर पडलेली असतात आणि कुणाचं कुठलं यावरून भांडणं होतात.

बिल्ला आठवड्याभरानं आला. पाकीट उघडायला आम्ही सगळे हॉलमध्ये, त्या फोटोंच्या भिंतीसमोर जमलो होतो. मिसेस चोप्राही होत्या, आणि दारात आपला गार्ड. वहिनीनं बिल्ला काढला आणि सवयीनं हात लांब केला. अजून लांब केला. अक्षरं लागेनात. बाल्कनीचं दार उघडू का, असं या वेळी मैत्री म्हणाली नाही. वहिनीनं सगळ्यांच्या देखत पर्स उघडली, चष्मा काढला, दोन्ही हातांनी नीट नाकावर बसवला आणि शाळेतली मुलगी वाचते तसं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.

"दिल्ली."

मग माझ्याकडे बिल्ला देऊन म्हणाली, "नणंदबाई, बसा. तुम्हीच शिवा. सुईत दोरा मी ओवून देते."